आधी हात बघा, मग पाय: बास्केटबॉलमधले पास, ड्रिबल आणि ट्रॅव्हलिंग

नवा खेळाडू पहिल्यांदा सामन्यात उतरतो. चेंडू हाती येतो, तो झेपावतो आणि शिट्टी वाजते. पंच छातीसमोर दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवतात, चेंडू समोरच्या संघाला मिळतो, खेळ पुढे सरकतो. तो मात्र आपल्या पायांकडे बघत उभा असतो. नेमकं कोणतं पाऊल चुकलं, हे त्याला कळलेलं नसतं. ‘स्टेप्स झाल्या’ एवढंच कुणीतरी ओरडून सांगतं.

नवशिक्यांना शिकवताना मला सतत जाणवत आलंय, की ही मुलं नियम पाठ करतात, पण शिट्टी का वाजली हे त्यांना उलगडत नाही. त्याचं कारणही बहुतेक वेळा एकच असतं. सगळे पाय मोजायला लागतात, आणि पाय मोजायला सुरुवात कुठून करायची हे ठरतं हातात. चेंडू हातात कधी विसावला, तो क्षण पकडता आला की पावलांचा हिशेब सोपा होतो. तो क्षण चुकला तर अचूक मोजलेली पावलंही चुकीचं उत्तर देतात. म्हणून या लेखात मी प्रत्येक ठिकाणी आधी हातांबद्दल बोलणार आहे.

इथले नियम फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाचे आहेत. एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे, नियम काही ठिकाणी वेगळे आहेत. टीव्हीवर एनबीए बघून मैदानात उतरणाऱ्यांचा गोंधळ होतो तो त्यामुळेच.

फाऊल नाही, नियमभंग

ट्रॅव्हलिंग (चेंडू हातात धरून नियमाबाहेर पावलं टाकणं) आणि डबल ड्रिबल (टप्पे मारत चेंडू नेणं, म्हणजे ड्रिबल, एकदा संपवून पुन्हा सुरू करणं) हे फाऊल नाहीत. फाऊल म्हणजे प्रतिस्पर्ध्याशी झालेला अवैध शारीरिक संपर्क किंवा खेळाडूवृत्तीला न शोभणारं वागणं. तो खेळाडूच्या नावावर नोंदला जातो आणि पाच झाले की सामन्यातून बाहेर जावं लागतं. ट्रॅव्हलिंगची अशी नोंद कुठेच होत नाही. ताबा जातो आणि जिथे चूक झाली त्याच्या जवळच्या रेषेबाहेरून समोरचा संघ चेंडू आत टाकतो. शिट्टीनंतर चेंडू बास्केटमध्ये पडला तरी गुण धरत नाहीत. हे आधी सांगतोय, कारण पहिल्या काही सामन्यांत मुलं ट्रॅव्हलिंगला इतकी घाबरतात की चेंडू हाती येताच कुठेतरी भिरकावून देतात. एक ताबा गेला, एवढंच झालेलं असतं.

पायरी पहिली: चेंडू आत्ता कुठल्या अवस्थेत आहे?

कोणत्याही क्षणी खेळ थांबवून विचारलं, तर चेंडू तीनपैकी एका अवस्थेत असतो. तो एखाद्याच्या हातात विसावलेला असतो, कुणीतरी त्याचं ड्रिबल करत असतं, किंवा तो मोकळा असतो, म्हणजे हवेत उडालेला, पासमध्ये असलेला, जमिनीवर घरंगळणारा.

स्वतःच हवेत फेकून स्वतः झेलण्याचा अपवाद पुढे येईल; तो सोडला तर ट्रॅव्हलिंग फक्त पहिल्या अवस्थेत होऊ शकतं. चेंडू हातात धरलेला नसेल तर पावलं मोजण्याचा प्रश्नच येत नाही. ड्रिबल चालू असताना दोन टप्प्यांच्या मधे, चेंडू हाताला लागलेला नसताना, तुम्ही कितीही पावलं टाकू शकता. चेंडू लांब पुढे ढकलून त्याच्यामागे पाच पावलं धावलात आणि पुन्हा टप्पा मारलात, तरी ते पूर्णपणे नियमात आहे. सुटलेल्या चेंडूमागे धावताना दहा पावलं झाली तरी तेच.

प्रेक्षकांतून ‘स्टेप्स, स्टेप्स’ असा ओरडा होतो तेव्हा पुष्कळदा चेंडू दुसऱ्या किंवा तिसऱ्या अवस्थेत असतो. म्हणून स्वतःला सवय लावा: शंका आली की आधी ‘चेंडू हातात होता का?’ हा प्रश्न. उत्तर नाही असेल तर विषय तिथेच संपला.

पायरी दुसरी: उभं राहून चेंडू झेलला तर

तुम्ही दोन्ही पाय जमिनीवर ठेवून स्थिर उभे आहात आणि पास आला. आता कोणताही एक पाय उचला. ज्या क्षणी तो उचलला, त्या क्षणी दुसरा पाय तुमचा पिव्होट झाला. पिव्होट पाय म्हणजे दाराची बिजागरी. दार कितीही फिरो, बिजागरी जागची हलत नाही. पायाची टाच उचलून चवड्यावर फिरा, पूर्ण गोल फिरा, दुसरा पाय हवा तितक्या वेळा पुढे-मागे टाका. पिव्होटचा जमिनीवरचा बिंदू सरकता कामा नये. नवशिक्यांचा पिव्होट उचलला जाण्यापेक्षा घसरत जातो, विशेषतः अंगावर बचावपटू आला की. थोडा घसरला तर पंचांच्या नजरेतून सुटेलही, पण ती सवय मोडा. पुढे ती महागात पडते.

आता इथून पास, शॉट आणि ड्रिबल असे तीन रस्ते आहेत आणि पिव्होटचा नियम तिन्हींना सारखा लागू होत नाही.

पास द्यायचा असेल किंवा बास्केटवर फेकायचं असेल तर पिव्होट पाय उचलता येतो, त्यावरून उडीही मारता येते. अट एवढीच की तो पाय किंवा दुसरा कोणताही पाय जमिनीला परत टेकायच्या आत चेंडू हातातून सुटला पाहिजे. ‘पिव्होट उचलला की ट्रॅव्हलिंग’ हे वाक्य मी कितीतरी जणांकडून ऐकलंय. पिव्होट उचलण्यात चूक नाही. तो उचलल्यावर चेंडू हातात ठेवून पुन्हा टेकवणं, ही चूक.

ड्रिबल सुरू करायचा असेल तर गोष्ट कडक आहे. इथे पिव्होट पाय जमिनीवरून सुटायच्या *आधी* चेंडू हातातून सुटलेला हवा. नवशिक्यांच्या ट्रॅव्हलिंगच्या शिट्ट्यांपैकी मोठा वाटा या एका जागी वाजतो, म्हणून इथे जरा थांबू.

समजा तुम्हाला उजवीकडून मुसंडी मारायची आहे. तुम्ही उजवा पाय पुढे टाकता, म्हणजे डावा आपोआप पिव्होट झाला. शरीराचा भार पुढच्या पायावर जातो. आता भार पुढे गेला की मागचा डावा पाय स्वाभाविकपणे उचलला जातो, चालताना उचलला जातो तसाच. चेंडू अजून छातीपाशी दोन्ही हातांत असेल, तर डावा उचलला गेल्यानंतर मारलेला टप्पा ट्रॅव्हलिंग ठरतो. खेळाडूला वाटतं, ‘मी तर एकच पाऊल टाकलं.’ त्याचं म्हणणं खरंच असतं. पाऊल एकच होतं, पण चेंडू उशिरा सुटला.

यावर उपाय सोपा आहे आणि तो पायात नसून हातात आहे. उजवा पाय पुढे पडतानाच चेंडू त्या पायाच्या बाहेरच्या बाजूला, शक्य तितका पुढे, जमिनीकडे ढकला. पाय आणि चेंडू एकदमच खाली जातायत असं वाटलं पाहिजे. सुरुवातीला हे संथपणे, चालत करा. चेंडू जमिनीवर आपटल्याचा आवाज आला की मग मागचा पाय उचलायचा. आवाज आधी, पाय नंतर. शंभरेक वेळा केलंत की शरीर शिकतं आणि मग वेग वाढवता येतो.

पायरी तिसरी: धावताना चेंडू हातात आला तर

खरी गुंतागुंत इथे आहे. ती नीट समजायला खेळाच्या जन्माकडे जावं लागतं.

जेम्स नेस्मिथ यांनी 1891 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्ड इथे हा खेळ रचला तेव्हा त्यात तेरा नियम होते. तिसरा नियम सांगत होता की खेळाडूने चेंडू घेऊन धावू नये, जिथे झेलला तिथूनच फेकावा. पण नेस्मिथ यांनी त्याच नियमात एक सवलत ठेवली होती: जो चांगल्या वेगात धावत असताना चेंडू झेलतो, त्याला थोडी मुभा द्यावी. धावणारं शरीर एका क्षणात गोठत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आजची ‘दोन पावलं’ या सवलतीचीच मोजून-मापून बांधलेली आवृत्ती आहे. वेगात असलेल्या खेळाडूला थांबायला, पास द्यायला किंवा फेकायला पुरेसा अवकाश देणं, हा तिचा हेतू. हा हेतू लक्षात असला की पुढचे बारकावे तर्काला धरून वाटतात.

फिबाने 2017 मध्ये नियमाची भाषा बदलली आणि ‘शून्य पाऊल’ अशी ओळख झालेली कल्पना आंतरराष्ट्रीय खेळात आली. ती अशी.

तुम्ही हालचालीत आहात आणि चेंडूवर ताबा मिळाला. ताबा मिळाला त्या क्षणी एखादा पाय जमिनीवर असेल, तर तो पाय मोजायचा नाही. तो शून्य. त्यानंतर जमिनीला टेकणारं पाऊल पहिलं, त्यानंतरचं दुसरं. दुसऱ्यानंतर चेंडू हातात असताना पुढचं पाऊल टेकलं तर ट्रॅव्हलिंग. ताबा मिळाला तेव्हा दोन्ही पाय हवेत असतील तर शून्य उरतच नाही, पहिला टेकणारा पाय थेट पहिलं पाऊल.

उदाहरणावर बोलू. तुम्ही ड्रिबल करत बास्केटकडे निघालात. डावा पाय जमिनीवर असताना चेंडू दोन्ही हातांत घेतलात. डावा शून्य. उजवा टेकला, एक. डावा टेकला, दोन. डाव्यावरून उडी, उजव्या हाताने चेंडू बोर्डावर. हा उजव्या हाताचा शुद्ध लेअप, म्हणजे बास्केटजवळ धावत जाऊन उडी मारत घेतलेला शॉट. बघणाऱ्याला डावा, उजवा, डावा असे तीन पाय टेकलेले दिसतात आणि तो ‘स्टेप्स’ म्हणून ओरडतो. त्याची मोजणी बरोबर आहे, ती सुरू करण्याची जागा चुकली.

आता तेच, पण चेंडू हातात आला तेव्हा तुम्ही हवेत होता. डावा टेकला, एक. उजवा टेकला, दोन. पुन्हा डावा टेकला तर ट्रॅव्हलिंग. पाय तेच, क्रम तोच, टेकले तेवढेच. फरक पडला तो चेंडू हातात विसावण्याच्या क्षणामुळे. म्हणूनच मी आधी हात बघायला सांगतो.

चेंडू ‘हातात आला’ म्हणजे नेमकं काय, हाही प्रश्न आहे. चेंडूला एकाच वेळी दोन्ही हात लागले किंवा एका हातावर तो विसावला की ड्रिबल संपला. एका हाताने चेंडूला खालून आधार देऊन छातीकडे ओढणारे खेळाडू दुसरा हात लागायच्या आधीच ताबा घेऊन बसलेले असतात. त्यांची मोजणी त्या क्षणापासून सुरू होते, दुसरा हात लागण्याची वाट बघत नाही.

धावताना पास झेलून लगेच ड्रिबल सुरू करायचा असेल तर मुभा थोडी आखूड होते. दुसरं पाऊल टेकायच्या आधी चेंडू हातातून सुटला पाहिजे. म्हणजे शून्य, एक, आणि दोन पडायच्या आत टप्पा. जलद आक्रमणात लांबचा पास झेलून सुसाट निघणाऱ्यांची चूक इथे होते. शेवटच्या लेअपसाठी मिळणारी दोन पावलं ते ड्रिबल सुरू करण्यासाठीही वापरायला बघतात.

हालचालीत असताना एकच पाय सलग दोनदा टेकवणं चालत नाही. चेंडू हातात घेऊन लंगडी घातल्यासारखं डाव्यावरून उडून पुन्हा डाव्यावरच उतरलात, तर ट्रॅव्हलिंग.

झिगझॅग लेअप, म्हणजे युरोस्टेप, बघताना बेकायदा वाटतो. पहिलं पाऊल एका बाजूला, दुसरं पूर्ण उलट बाजूला, आणि बचावपटू मधे अडकलेला. लिथुआनियाच्या शारूनस मार्चुल्योनिस यांनी तो एनबीएत आणला आणि अर्जेंटिनाच्या मानू जिनोबिली यांनी घरोघरी पोचवला. नियम पावलांची संख्या बघतो, दिशा बघत नाही. कितीही लांब, कितीही वाकडी टाका.

थांबताना: पिव्होट कुणाला मिळतो?

धावत येऊन थांबायचं असेल तर तीन प्रकार होतात आणि प्रत्येकात पुढची मोकळीक वेगळी.

एक-दोन असं थांबलात, म्हणजे आधी एक पाय आणि मग दुसरा, तर जो आधी टेकला तोच पिव्होट. शून्य पाऊल इथे धरायचं नाही. पहिलं मोजलेलं पाऊल पिव्होट होतं.

पहिल्याच पावलात दोन्ही पाय एकदम टेकलेत, ज्याला जंप स्टॉप म्हणतात, तर कोणताही पाय पिव्होट म्हणून निवडा. नवशिक्यांना मी हाच प्रकार आधी शिकवतो. दोन्ही बाजूंना वळता येतं, तोल सांभाळतो, आणि पंचांनाही वाद राहत नाही.

तिसरा प्रकार फसवा. पहिलं पाऊल एका पायावर, तिथून उडी आणि दुसऱ्या पावलात दोन्ही पाय एकत्र. हे वैध आहे. मात्र दोन पावलं इथे संपली, त्यामुळे आता पिव्होट करता येत नाही. कोणताही पाय उचललात तर तो टेकायच्या आत चेंडू सुटलाच पाहिजे. दिसायला दुसऱ्या प्रकारासारखंच असल्याने खेळाडू इथे आरामात पिव्होट करायला जातात आणि शिट्टी ऐकतात.

पायरी चौथी: ड्रिबल कधी सुरू होतो, कधी संपतो

गंमत म्हणजे नेस्मिथ यांच्या तेरा नियमांत ड्रिबल नव्हताच. चेंडू घेऊन हलता येत नाही म्हटल्यावर खेळाडूंनी तो जमिनीवर टाकून स्वतःच पुन्हा घ्यायचा मार्ग शोधला आणि तिथून आजचा ड्रिबल वाढला. तो मिळालाच आहे तो एका अटीवर: एका ताब्यात एकदाच.

चेंडू ताब्यात असताना तो जमिनीवर टाकला, टोलवला किंवा घरंगळवला आणि दुसऱ्या कुणाला लागायच्या आत पुन्हा हात लावला, की ड्रिबल सुरू झाला. तो चालू असताना हात बदला, पायांमधून काढा, पाठीमागून न्या, उंच-बुटके टप्पे मारा. दोन्ही हात एकदम लागले किंवा चेंडू हातात विसावला की संपला. संपल्यावर तुमच्याकडे पास, शॉट आणि पिव्होट एवढंच उरतं. पुन्हा टप्पा मारलात की डबल ड्रिबल. पंच दोन्ही तळवे खाली करून आळीपाळीने थोपटल्यासारखी खूण करतात ती याची.

दुसरा ड्रिबल करायचा हक्क परत कधी मिळतो? मधल्या काळात तुमचा ताबा खरोखर सुटला असेल तेव्हा. तुम्ही शॉट घेतलात आणि रिबाउंड, म्हणजे चुकून परत उडालेला चेंडू, तुमच्याच हाती आला, प्रतिस्पर्ध्याचा हात चेंडूला लागून तो सुटला, किंवा तुमचा पास किंवा निसटलेला चेंडू दुसऱ्या कुठल्याही खेळाडूला लागून परत आला. मग नवा ताबा, नवा ड्रिबल.

कॅरीबद्दल खूप गैरसमज आहेत. टप्पा खांद्यापर्यंत उंच गेला म्हणजे कॅरी, असं पुष्कळांना वाटतं. उंचीचा काही संबंध नाही. हात चेंडूच्या खाली जाऊन तो क्षणभर तळव्यावर विसावला आणि मग पुन्हा खाली ढकलला, तर कॅरी, कारण विसावला तेव्हाच ड्रिबल संपला होता. म्हणजे कॅरी हा डबल ड्रिबलचाच भाऊ. वेग कमी करून बचावपटूला चकवताना हात नकळत चेंडूखाली जातो, तिथे लक्ष ठेवा. हात चेंडूच्या वर किंवा बाजूला आहे तोवर चिंता नको.

आता निसटलेला चेंडू, म्हणजे फंबल. यात खेळाडूंवर पुष्कळ वेळा अन्याय होतो, म्हणून जरा सविस्तर. पास आला, हाताला लागून निसटला, जमिनीवर आपटला, तुम्ही धावत जाऊन उचललात. हा ड्रिबल नव्हे. तुम्हाला तो मारायचा नव्हता, तो सुटला. तुमचा ड्रिबल शाबूत आहे, खुशाल सुरू करा. उलट बाजूनं बघा: तुम्ही ड्रिबल संपवून चेंडू धरलात आणि मग तो निसटला. धावून उचलणं वैध, त्यात ट्रॅव्हलिंगही नाही. पण आता पुन्हा ड्रिबल करता येणार नाही, कारण तो आधीच वापरून झाला होता. निसटण्याने काही मिळतही नाही आणि काही जातही नाही, तुम्ही आधी जिथे होता तिथेच राहता.

गर्दीतून चेंडू टोलवून बाहेर काढणं, समोरच्याच्या हातून ठोकून सोडवणं, पास अडवून मग ताब्यात घेणं, यांपैकी काहीच ड्रिबल धरत नाहीत. हे सगळं ताबा मिळवायची धडपड आहे. ताबा मिळाल्यानंतर तुमचा ड्रिबल संपूर्ण शिल्लक असतो.

पायरी पाचवी: पास

पासवर नियमांची बंधनं फार कमी आहेत, आणि मला हा या खेळाचा सगळ्यात सुंदर भाग वाटतो. पहिल्या तेरा नियमांतही चेंडू एका किंवा दोन्ही हातांनी कुठल्याही दिशेला फेकायची मोकळीक होती, फक्त मुठीने मारायला बंदी होती. ती आजही आहे. पायाने मुद्दाम मारणं किंवा पायाने अडवणं हाही नियमभंग. चुकून पायाला लागला तर खेळ चालू राहतो. हे लक्षात ठेवा, कारण पायाला लागताच सगळे थांबतात आणि तेवढ्यात समोरचा गुण करून जातो.

चेंडू धरून उडी मारलीत आणि हवेत असताना कुणीच मोकळं दिसलं नाही, तर अडचण होते, कारण चेंडू हातात ठेवून खाली उतरलात की ट्रॅव्हलिंग. घाबरून चेंडू जमिनीवर टाकून स्वतःच पुन्हा धरणंही चालत नाही. पिव्होट पाय सुटल्यानंतर सुरू केलेला ड्रिबल तो. मुळात उडी मारायच्या आधी पास कुणाला जाणार हे दिसलेलं असावं. जमिनीवर पाय ठेवून दिलेला पास नवशिक्याला जास्त भरवशाचा.

स्वतःच हवेत फेकून स्वतः झेलणं हाही वारंवार दिसणारा गोंधळ. चेंडू दुसऱ्या खेळाडूला किंवा जमिनीला न लागता तुम्ही वर फेकून, पुढे सरकून पुन्हा पकडलात तर ते ट्रॅव्हलिंग. एका हातातून दुसऱ्या हातात जागच्या जागी टाकायला हरकत नाही.

चेंडू धरून उभे आहात आणि बचावपटू एक मीटरच्या आत सक्रियपणे अडवतोय, तर पाच सेकंदांत पास, शॉट किंवा, शिल्लक असेल तर, ड्रिबल करावाच लागतो. पिव्होट करत राहणं हा अनंत काळाचा आसरा नाही.

रेषेबाहेरून चेंडू आत टाकताना नवशिके पाय जमिनीला खिळवून उभे राहतात, कारण त्यांना ट्रॅव्हलिंगची भीती असते. तिथे पिव्होटचा नियमच लागत नाही. पाच सेकंदांत चेंडू सुटला पाहिजे, बाजूला सगळं मिळून एक मीटरपेक्षा जास्त सरकू नये, आणि चेंडू हातात असताना रेषेच्या आत पाऊल टाकू नये. मागे मात्र जागा असेल तितकं जा. समोरच्या संघाने बास्केट केल्यानंतर शेवटच्या रेषेमागून चेंडू टाकत असाल तर बाजूला हवं तितकं धावता येतं आणि रेषेमागे उभ्या सहकाऱ्याला पासही देता येतो.

अडनिड्या जागा

चेंडू धरून पडलात आणि वेगामुळे जमिनीवर घसरत गेलात, तर नियमभंग नाही. बसलेल्या किंवा आडव्या अवस्थेत चेंडू मिळवला तरी नाही. चेंडू धरून लोळलात किंवा उभं राहायचा प्रयत्न केलात तर मात्र शिट्टी. म्हणजे पडलेल्या खेळाडूने तिथूनच पास द्यावा.

शॉटसाठी उडी मारली, प्रतिस्पर्ध्याने हवेतच चेंडूवर हात घट्ट रोवले आणि तुम्ही दोघंही चेंडू धरून खाली उतरलात, तर ते ट्रॅव्हलिंग नाही, हेल्ड बॉल आहे. ताबा कुणाचा हे गुणलेखकांच्या टेबलावरचा, आळीपाळीने एकेका संघाकडे वळणारा बाण ठरवतो.

तुमचा शॉट रिंगलाही लागला नाही, बोर्डलाही नाही, आणि तुम्हीच तो पुन्हा पकडलात. खरोखर शॉटचाच प्रयत्न होता असं पंचांना वाटलं तर फिबाच्या नियमात हे वैध आहे. एनबीएत नाही. टीव्हीवरून शिकलेले खेळाडू इथे उगाच चेंडू सोडून देतात.

मैदानावर करून बघायचं

कागदावर वाचून हे डोक्यात शिरेल, पायात शिरणार नाही. म्हणून एक पद्धत सांगतो. दोघांनी मिळून करा.

एकजण चालत चालत ड्रिबल करेल, कुठेही चेंडू धरेल आणि लेअपकडे जाईल. दुसरा बाजूला उभा राहून पायांकडे अजिबात बघणार नाही. त्याची नजर फक्त हातांवर. चेंडू विसावला की तो मोठ्याने ‘आता’ म्हणेल. ‘आता’ ऐकू आलं तेव्हा आपला कुठला पाय जमिनीवर होता हे चालणारा सांगेल, आणि तिथून ‘शून्य, एक, दोन’ असं बोलत पुढची पावलं टाकेल. पाय हवेत असतील तर ‘शून्य’ गाळून थेट ‘एक’. सुरुवातीला ‘आता’ उशिरा निघतं, दुसरा हात लागल्यावर. काही फेऱ्यांत ते अचूक व्हायला लागतं. मग चालण्याऐवजी हलकं धावा. जागा बदला. नंतर पास झेलून हेच करा, आणि ‘दोन’ म्हणायच्या आत टप्पा पडतोय का ते तपासा.

तुम्ही सराव सामन्यात शिट्टी सांभाळत असाल तर आणखी एक गोष्ट. चेंडू हातात विसावलेला क्षण तुम्हाला दिसला नसेल तर ट्रॅव्हलिंगची शिट्टी वाजवू नका. शेवटची पावलं चमत्कारिक दिसली म्हणून मागे जाऊन अंदाजाने मोजायला लागलात, तर निम्म्या वेळा चांगला लेअप रद्द कराल. अशा जागी उभे राहा जिथून चेंडू धरणाऱ्याचे हात आणि त्याच्या खालचे पाय एकाच नजरेत येतील, बहुतेक वेळा हल्लेखोराच्या बाजूला, बचावपटू आणि तो यांच्यातली फट दिसेल असे.